आधी आच, मग रंग : अमूर्त चित्रात धातू आणू पाहणाऱ्यांसाठी

अनेक वर्षे कॅनव्हासवर अमूर्त चित्रे रंगवल्यानंतर मी पहिल्यांदा तांब्याचा पत्रा हाती घेतला, तेव्हा माझी समजूत अशी होती की धातू हा कॅनव्हाससारखाच आणखी एक पृष्ठभाग असून त्यावर रंग लावला की काम संपते. ते चित्र दिवाळीच्या सुमारास पूर्ण झाले आणि पुढच्या जुलैत त्यावरचा अ‍ॅक्रिलिक रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागला. ज्या लोखंडी स्क्रूंनी पत्रा प्लायवूडवर बसवला होता, त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ आले होते आणि मी कोठेही न योजलेला हिरवा रंग पत्र्याच्या कडांवर उमटला होता. खरे सांगायचे तर तो हिरवा माझ्या रंगांपेक्षा चांगला होता. धातूला स्वतःचा रंग असतो आणि तो आपल्याला विचारून येत नाही, हे तेव्हा कळले.

त्यानंतर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका जुन्या कारागिराच्या दुकानात मी बरेच दिवस बसून काढले. तेथे शिकलेले आणि नंतर स्वतः चुकत शिकलेले असे दोन्ही येथे क्रमाने लिहिते आहे. हा लेख ज्यांना रंगकाम येते पण धातुकाम येत नाही, त्यांच्यासाठी आहे. पहिले काम म्हणून एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी एकच चौकट घ्या, तिचा साधारण एकतृतीयांश भाग धातूचा ठेवा आणि वाळवणे धरून तीन आठवड्यांची सवड काढा.

लागणारे सामान

- धातूसाठी : २४ किंवा २६ गेजचा तांब्याचा पत्रा, पत्रा कापायची कातर, सपाट आणि गोल तोंडाचे दोन हातोडे, लाकडी मोगरी, कानस, पकड, सांडशी, जाड कापडाची घट्ट शिवलेली वाळूची पिशवी आणि हातात धरायचा छोटा गॅसचा टॉर्च.
- स्वच्छतेसाठी : लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, खायचा सोडा, अ‍ॅसिटोन, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, तंतू न सुटणारे सुती कापड.
- धातूच्या रंगांसाठी : नवसागर, मीठ, व्हिनेगर, एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा, फवारणीची बाटली आणि एक उकडलेले अंडे.
- चित्रासाठी : १२ मिलिमीटरचे प्लायवूड, त्याची छिद्रे बंद करणारा सीलर, पितळी स्क्रू, दोन भागांचे इपॉक्सी, इपॉक्सी प्रायमर, मास्किंग टेप, नेहमीचे अ‍ॅक्रिलिक रंग, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लॅकर.
- अंगासाठी : चष्मा, चामड्याचे आणि रबराचे असे हातमोज्यांचे दोन जोड, सुती कपडे, बंद बूट आणि रसायनांच्या वाफा अडवणारे काडतुसाचे मास्क. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क वाफांना अडवत नाही.

पुण्यात यातले बहुतेक सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळते. इतर गावांत हार्डवेअरचे दुकान, भांड्यांची पेठ आणि किराणा दुकान अशी तीन ठिकाणे धरून चाला.

१. धातू निवडा, आणि पहिल्या खेपेला तांबेच निवडा

तांबे मऊ असते, हाताने वळते, ठोकल्यावर आकार धरते आणि आच, वाफ किंवा क्षार यांपैकी काहीही लागले तरी रंग बदलून दाखवते. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलके असते, पण त्याच्यावर हवेत आपोआप बसणारा पातळ थर रंगाला सहज धरू देत नाही, आणि सुमारे ६६० अंश सेल्सिअसला ते वितळते तेही लाल न होता, त्यामुळे नवख्या हातात टॉर्चखाली पत्रा अचानक खाली गळतो. तांब्याचा वितळबिंदू १०८५ अंशांच्या आसपास असल्याने ते पुष्कळ चुका पोटात घालते. पितळेत जस्त असते आणि ते जास्त तापले तर जस्ताचा धूर होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे आपल्या छपरांवरचा नेहमीचा पांढरट पत्रा, टॉर्चखाली कधीही धरू नका. त्याच्या धुराने काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो. भंगारातून आणलेला रंगीत पत्राही तापवू नका, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते.

दुकानात गेल्यावर नवखा माणूस फसतो तो गेजच्या आकड्यात. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २४ गेजचा पत्रा ०.५६ मिलिमीटर जाड असतो, २६ गेजचा ०.४६ मिलिमीटर, तर ३० गेजचा जेमतेम ०.३ मिलिमीटर, म्हणजे कात्रीने कापता येण्याजोगा पण ठोकल्यावर फाटणारा. तांबे वजनावर विकले जाते आणि भाव रोज बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी हिशेब करा. २४ गेजच्या एका चौरस फुटाचे वजन सुमारे ४६५ ग्रॅम आणि २६ गेजचे सुमारे ३८० ग्रॅम भरते. "नरम द्या" असे स्पष्ट सांगा, कारण कडक पत्राही त्याच ढिगात असतो आणि दिसायला तो अगदी तसाच असतो.

२. रेखाटन करण्यापूर्वी कामांचा क्रम लिहून काढा

चित्रकाराची सवय अशी असते की आधी चित्र करावे आणि शेवटी त्यावर काही चिकटवावे. धातूच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. ज्या कामाला आच लागते ते सर्वांत आधी, ज्याला आम्ल किंवा क्षार लागतो ते त्यानंतर, मग धुणे, मग बसवणे, मग रंग आणि सर्वांत शेवटी लॅकर. हा क्रम उलटला तर आचेने रंग जळतो, आम्लाने अस्तर उकलते, आणि धुताना प्लायवूड फुगते. माझ्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर आजही हा क्रम खडूने लिहिलेला आहे.

क्रमाचा परिणाम रचनेवरही होतो. कॅनव्हासवर कोणताही निर्णय मागे घेता येतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि उतरवत, आणि त्या चढउतारातूनच त्यांच्या चित्रातला खोल प्रकाश तयार होई. ठोकलेला खड्डा असा उतरवता येत नाही. त्यामुळे या माध्यमात धातू आधी बोलतो आणि रंग त्याला उत्तर देतो. मी पूर्वी चित्राचे पूर्ण रेखाटन करून त्यात धातूची जागा राखून ठेवत असे. आता मी धातूचे तुकडे आधी पूर्ण करते, कोऱ्या प्लायवूडवर मांडून दोन-तीन दिवस नुसती बघत राहते आणि मगच रंगाचा विचार करते.

आपल्याकडे या वाटेने गेलेल्यांचे काम प्रत्यक्ष पाहायला मिळाले तर सोडू नका. मद्रासचे पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचा पत्रा ठोकून आणि त्यावर तारा डागून समोरून पाहायची शिल्पे केली. चेन्नईजवळच्या चोळमंडल या कलाग्रामातले एस. नंदगोपाल यांनी तांबे, पितळ आणि मिना, म्हणजे धातूवर भाजून चढवलेला काचेचा रंग, एकत्र आणला. मुंबईच्या पिलू पोचखानवाला यांनी भंगारातले लोखंड जोडून शिल्पे घडवली. ही सारी शिल्पकार मंडळी असली, तरी पत्र्याची कड कोठे संपवायची हे चित्रकाराने त्यांच्याकडूनच शिकावे.

३. कापणे आणि कड मुडपणे

पत्रा कापताना चामड्याचे हातमोजे घाला. ताज्या कापलेल्या कडेने होणारी जखम कागदाच्या जखमेसारखी बारीक असते, पण खोल जाते. आकार कागदावर कापून पत्र्यावर चिकटवा, रेषेच्या किंचित बाहेरून कापा आणि कानशीने रेषेपर्यंत या. जी कड चित्राच्या बाहेरच्या बाजूला येणार असेल, ती तीन-चार मिलिमीटर मागे मुडपून मोगरीने बसवा. अशी मुडपलेली कड पाहणाऱ्याचे बोट कापत नाही, आणि पातळ पत्राही तेथे जाड दिसतो. यंत्रावर छिद्रे पाडताना मात्र हातमोजे काढून ठेवा, कारण फिरत्या पात्यात मोजा अडकला तर हातही त्याच्याबरोबर जातो. पत्रा हाताने न धरता शिकंज्यात पकडा.

४. नरम करणे आणि ठोकणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. तांबे ठोकले की कडक होते. वीस-पंचवीस घावांनंतर पत्रा हातोड्याला दाद देईनासा होतो आणि तरीही जोर लावला तर चिरतो. तेव्हा त्याला लाल करून पुन्हा नरम करावे लागते. कधी थांबायचे, हे मला आकड्यांत हवे होते. तांबट आळीतल्या काकांना मी तसे विचारले, तेव्हा ते हातातले काम न थांबवता म्हणाले, "ताई, घाव मोजू नका, ऐका. पत्रा बोलायचा थांबून वाजायला लागला की आचेवर घ्या." मी ते तेव्हा शोभेचे वाक्य समजून सोडून दिले होते, पण ते अक्षरशः खरे निघाले. नरम तांब्यावरचा घाव बद्द वाजतो आणि कडक झालेल्या तांब्यावरचा घाव टणटणीत, घंटेच्या जातीचा.

नरम करण्यासाठी पत्रा विटांवर ठेवा आणि टॉर्चची ज्योत सतत फिरती ठेवून तो मंद लाल होईपर्यंत तापवा. हे काम उन्हात करू नका, कारण उन्हात तो मंद लालपणा दिसतच नाही आणि आपण तापवत राहतो. सावलीच्या, पण खेळत्या हवेच्या कोपऱ्यात करा. लाल झाल्यावर सांडशीने उचलून पाण्यात सोडला तरी चालतो. पोलाद असे पाण्यात विझवले तर कडक होते, पण तांबे नरमच राहते, शिवाय आचेने आलेली काळी खपली पाण्यात तडतडून बरीचशी सुटते. हातातला छोटा टॉर्च तळहाताएवढ्या तुकड्यालाच पुरतो, कारण तांबे उष्णता झपाट्याने पसरवते. मोठा तुकडा तांबटाच्या भट्टीवर नेणे शहाणपणाचे. त्याला ते काही मिनिटांचे काम असते.

ठोकण्याच्या दोन पद्धती सुरुवातीला पुरतात. पहिली म्हणजे मठारकाम. घट्ट आणि गुळगुळीत लोखंडावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने शेजारीशेजारी सारख्या जोराचे घाव घालायचे. आपल्या पाण्याच्या हंड्यांवर आणि बंबांवर जे चकाकते ठिपके असतात, ते या घावांचेच. हातोड्याचे तोंड आरशासारखे घासलेले हवे, कारण त्यावरचा एक ओरखडा प्रत्येक घावाबरोबर पत्र्यावर छापला जातो. दुसरी पद्धत म्हणजे पत्रा वाळूच्या पिशवीवर पालथा ठेवून मागून ठोकणे, ज्यामुळे पुढच्या बाजूला फुगवटे येतात. बारीक उठाव हवा असेल तर कारागीर राळ, विटांची पूड आणि थोडे तेल यांचा गरम लगदा करून त्यावर पत्रा बसवतात. तो प्रकार सुंदर आहे, पण वितळलेली राळ कातडीला चिकटली तर निघत नाही, म्हणून तो कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिका.

ठोकताना तुम्हाला चित्रकार म्हणून एक मोह होईल, तो म्हणजे सगळा पत्रा भरून काढण्याचा. मठारलेला भाग प्रकाश विखुरतो आणि सपाट भाग तो एकाच दिशेला फेकतो. पाहणारा चित्रासमोरून चालत गेला की या दोन भागांतला फरक हलतो, उजेड एका बाजूने दुसरीकडे सरकतो. सगळाच पत्रा ठोकला तर हा फरकच उरत नाही आणि भिंतीवर टांगलेली परात दिसू लागते. माझ्या पहिल्या सहा कामांतली चार परातीच आहेत.

५. धातूला त्याचे रंग काढू द्या

आता रंगाच्या ट्यूब बंद ठेवून तांब्याकडून काय मिळते ते पाहा. प्रत्येक प्रयोग आधी काडेपेटीएवढ्या तुकड्यावर करा, मागे खिळ्याने क्रमांक कोरा आणि कृती वहीत लिहा.

आचेचे रंग काढण्यासाठी पत्रा आधी घासून अगदी चकचकीत करा आणि त्यावर बोट लागू देऊ नका. मंद ज्योत लांबून फिरवली की तांबे आधी गडद नारिंगी होते, मग किरमिजी, मग जांभळट-निळे, मग फिकट सोनेरी आणि शेवटी काळपट. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर वाढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरातून दिसणारे प्रकाशाचे खेळ असतात, त्यामुळे थर जाडावला की रंग पुढे सरकतो आणि मागे येत नाही. ज्योत बाजूला घेतल्यावरही पत्र्यातल्या उष्णतेने रंग क्षणभर चढतच राहतो. म्हणून हवा असलेला रंग येण्याच्या किंचित आधीच हात मागे घ्या.

निळा-हिरवा गंज, ज्याला आपण जंगाल किंवा कळंक म्हणतो, तो नवसागराने येतो. मी एक पेला पाण्यात एक चमचा नवसागर, अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर घालते, पत्र्यावर बारीक फवारा मारते, वाळू देते आणि दिवसातून दोन-तीनदा असे चार दिवस करते. दमट हवेत रंग लवकर धरतो. फवाऱ्याचे थेंब मोठे पडले तर ठिपके, बारीक पडले तर धुके. दाट निळा हवा असेल तर मीठ शिंपडलेला ओला तुकडा झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवून तळाला अमोनियाच्या द्रावणाची वाटी ठेवा आणि रात्रभर सोडा. डबा घराबाहेर उघडा, मास्क लावूनच उघडा, आणि अमोनिया कधीही ब्लीचजवळ नेऊ नका, कारण त्या दोहोंतून विषारी वायू निघतो. रंग आल्यावर पत्रा भरपूर पाण्याने धुवा आणि सुटी भुकटी मऊ ब्रशने काढा. क्षार आत राहिले तर पुढच्या पावसाळ्यात ते लॅकरखाली पुन्हा काम सुरू करतात.

तपकिरी रंगासाठी उकडलेले अंडे गरम असतानाच कुस्करा आणि बंद डब्यात पत्र्याशेजारी ठेवा, पत्र्याला लागू देऊ नका. अंड्यातल्या गंधकाच्या वाफेने काही तासांत तांबे मधासारख्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत जाते. वास येतो, पण याहून निरुपद्रवी रसायन मला ठाऊक नाही.

कल्हईकडे चित्रकारांचे लक्ष कसे जात नाही, याचे मला नवल वाटते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फटकाऱ्यात चंदेरी झळाळी पसरवतो. तो फटकारा म्हणजे कुंचल्याचा फटकाराच आहे. माझ्या गल्लीत येणाऱ्या कल्हईवाल्याकडून मी सपाट तुकड्यावर कथील अर्धवट पसरवून घेतले. त्याला ते काम वाया गेल्यासारखे वाटले आणि "पूर्ण करून देतो, पैसे जास्त नको" असे तो दोनदा म्हणाला. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कल्हई केलेल्या तुकड्यावर नंतर आचेचे रंग काढायला जाऊ नका. ते दोन प्रकार वेगवेगळ्या तुकड्यांवर करा.

६. स्वच्छता, आणि पाण्याची परीक्षा

ज्या भागावर रंग लावायचा आहे तो भाग लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने खपली जाईपर्यंत स्वच्छ करा. घरची चिंच-मीठही चालते, वेळ जास्त लागतो इतकेच. कोणी सल्फ्युरिक आम्ल सुचवले तर पहिल्या कामासाठी ऐकू नका, आणि पुढे कधी वापरलेच तर आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही. आम्लानंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि ३२० च्या पॉलिश पेपरने पृष्ठभागाला बारीक खर द्या.

आता परीक्षा. पत्रा तिरपा धरून त्यावर पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखे पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. ते थेंबाथेंबांत फाटले तर तेथे तेलकटपणा उरला आहे. माझ्या पहिल्या चित्राचे पापुद्रे निघाले, त्याचे अर्धे कारण माझ्याच बोटांचे तेल होते. परीक्षेनंतर पत्रा वाळवा, अ‍ॅसिटोनने एकदा पुसा आणि त्यापुढे रबरी मोज्यांशिवाय हात लावू नका.

७. प्लायवूडवर बसवणे

ताणलेल्या कॅनव्हासवर पत्रा बसवू नका, तो झोळ पाडतो. प्लायवूडच्या दोन्ही बाजू आणि कडा सीलरने बंद करा, पत्र्याच्या मागच्या बाजूलाही लॅकरचा हात द्या, आणि मग पितळी स्क्रूंनी पत्रा बसवा. लोखंडी स्क्रू तांब्याला लावले आणि हवेत ओल असली, की त्या दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातही हेच झाले होते. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याचे बाहेरचे आवरण तांब्याचे आणि आतले लोखंडी पट्ट्यांचे, आणि १९८० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्या गंजलेल्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्या दीड फुटी चित्राला तोच नियम लागू आहे.

लहान तुकडे इपॉक्सीने चिकटतात. सुतारकामाचा पांढरा गोंद धातू धरत नाही, कारण त्याला मुरायला जागा लागते. तुकडा वीतभरापेक्षा मोठा असेल तर नुसत्या इपॉक्सीवर विसंबू नका. एक मीटर लांबीचे तांबे तापमान ३० अंशांनी वाढले की सुमारे अर्धा मिलिमीटर लांबते, आणि लाकूड ओलाव्याने आपल्या वेगळ्या चालीने फुगते. म्हणून एक छिद्र नेमके आणि बाकीची किंचित लांबट पाडा, म्हणजे पत्र्याला सरकायला वाव राहतो. ही अर्ध्या मिलिमीटरची सवलत दिली नाही, तर एप्रिलमध्ये पत्रा मधोमध फुगून येतो.

८. अस्तर आणि रंग

जेथे धातू उघडा ठेवायचा आहे तेथे मास्किंग टेप लावा. आचेच्या रंगांवर किंवा जंगालावर टेप थेट लावू नका. त्या भागावर आधी लॅकरचा एक पातळ हात द्या, नाहीतर टेपबरोबर रंगही निघतो.

कॅनव्हासला लावतो तो जेसो उघड्या धातूवर टिकत नाही. तांब्यावर इपॉक्सी प्रायमरचा पातळ थर द्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या पत्र्यावर गाड्यांच्या रंगकामातला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारे अस्तर, लागतो, आणि साध्या लोखंडावर रेड ऑक्साइड. जस्ताच्या पत्र्यावर तेली एनॅमल थेट मारले तर जस्त त्याच्याशी क्रिया करून मधे साबणासारखा थर तयार करते आणि रंग सुटतो. तांब्यावर थेट अ‍ॅक्रिलिक लावण्यातही धोका आहे, कारण त्यात थोडा अमोनिया असतो आणि तो तांब्याला हिरवे करतो. माझ्या कडांवरच्या त्या हिरव्याचे एक मूळ हेच असावे. तैलरंगांचा इतिहास मात्र वेगळा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या चित्रकारांनी तांब्याच्या पत्र्यांवर तैलचित्रे काढली आणि त्यांतली कित्येक आजही उत्तम स्थितीत आहेत. ते पत्रा खरवडत आणि त्यावर लसणाची पाकळी चोळत.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर एका कोपऱ्यात रंगाची परीक्षा घ्या. रंग लावा, दोन दिवस थांबा, पात्याने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या सहा-सहा रेषा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर चौकोन आले तर स्वच्छतेच्या पायरीकडे परत जा. ही परीक्षा मी कंटाळून दोनदा टाळली आणि दोन्ही वेळा पस्तावले.

रंगांच्या निवडीबाबत माझे मत ठाम आहे, तुम्ही ते मानलेच पाहिजे असे नाही. तांबे स्वतःच नारिंगी असल्याने त्याच्या शेजारी शुद्ध निळा ठेवला तर दोघेही ओरडू लागतात. पाटीचा करडा, राख, मळकट पांढरा, काळ्या मातीचा तपकिरी हे रंग त्याला बोलू देतात. चकाकत्या धातूजवळ कोणताही रंग मळका दिसतो, म्हणून एकतर धातूची चकाकी बारीक पोलादी लोकरीने (स्टील वूलने) थोडी मारा, किंवा रंग मॅट ठेवून विरोध पत्करा. रंग आणि पत्रा यांच्यातली सीमा सरळ ठेवली तर पत्रा चिकटवलेला वाटतो. काही ठिकाणी रंग पत्र्यावर चढू द्या, आणि काही ठिकाणी जंगालाचाच निळा-हिरवा प्लायवूडवर रंगाने पुढे न्या, म्हणजे धातू कोठे संपला हे पाहणाऱ्याला जवळ येऊन शोधावे लागते.

९. लॅकर

कोरड्या दिवशी, धूळ नसलेल्या जागी, लॅकरचे दोन पातळ हात फवाऱ्याने द्या. पावसाळ्यात फवारले तर ओल अडकून दुधाळ डाग येतात. लॅकरखाली आचेचा निळा आणि जांभळा पुष्कळ फिके पडतात, ते आधीच तुकड्यावर पाहून घ्या. ते रंग फार प्रिय असतील तर लॅकरऐवजी मेणाचा पातळ हात द्या, पण मग दर वर्षी तो पुन्हा द्यावा लागतो. समुद्राकाठी, मुंबई-रत्नागिरी-पणजीच्या हवेत, उघडे तांबे वर्षभरात काळवंडते. ते तसे काळवंडावे हीच इच्छा असेल तर ती आधी ठरवा आणि चित्र घेणाऱ्यालाही सांगा.

१०. टांगणे आणि नोंद

हे चित्र नेहमीच्या चित्रापेक्षा जड असते. दोन फूट बाय तीन फुटांच्या १२ मिलिमीटर प्लायवूडचे वजन सुमारे ४ किलो आणि त्यावर पूर्ण २४ गेजचे तांबे असेल तर आणखी २.८ किलो. दोरी आणि एक खिळा यांवर ते टांगू नका, दोन बाजूंना दोन हुक लावा आणि भिंतीत प्लग ठोका. छायाचित्र घेताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या आणि स्वतः काळे कपडे घाला, नाहीतर पत्र्यात तुमचाच सदरा दिसतो.

चित्राच्या मागे एक पाकीट चिकटवा. त्यात धातू कोणता, किती गेजचा, कोणता क्षार वापरला, कोणता प्रायमर, कोणते लॅकर, आणि तारखा हे सारे लिहिलेला कागद ठेवा. त्याच कागदावर ठळक लिहा की पितांबरी, चिंच किंवा लिंबू लावू नये. माझे एक चित्र नातेवाइकांकडे आहे, आणि तीन आठवड्यांत जमवलेला त्याचा सारा जंगाल दसऱ्याच्या साफसफाईत कोणीतरी मोठ्या प्रेमाने, देवाच्या तांब्याबरोबर, लखलखीत घासून ठेवला.